एकाच पावडरीचे तीन भाग, लोहाची तीन उत्तरं: घोळ नेमका कुठे शोधायचा

औषधी वनस्पतींतली मूलद्रव्यं मोजताना लक्षण बहुतेक वेळा असं असतं. अश्वगंधेच्या मुळांची किंवा तुळशीच्या पानांची एकच पावडर घेतली, तिचे तीन भाग वजन केले, एकाच दिवशी एकाच मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये ॲसिडने विरघळवले (म्हणजे डायजेस्ट केले), आणि लोहाची रीडिंग आली १८०, २६५ आणि ४१० मि.ग्रॅ. प्रति किलो. पोटॅशियम मात्र तिन्हींत जवळजवळ सारखं. पुन्हा केलं तरी तेच, फक्त आकडे नवे. मग कॅलिब्रेशन पुन्हा लावा, यंत्राची टॉर्च (प्लाझ्मा पेटतो ती नळी) साफ करा, द्रावणाचे तुषार करणारा नेब्युलायझर बदला, सर्व्हिस इंजिनिअरला फोन करा, असा दोन आठवड्यांचा कार्यक्रम सुरू होतो.

यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. पोटॅशियम जुळतंय म्हणजे वजन ठीक आहे, फ्लास्कमध्ये केलेला व्हॉल्यूम ठीक आहे आणि द्रावण यंत्रात नीट ओढलं जातंय. तरीही लोह जुळत नसेल तर लोह त्या पावडरीत सारखं पसरलेलंच नाही. म्हणून एकटं लोह बघत बसू नका. लोहाबरोबर आणखी कोणकोण वरखाली होतंय ते बघा. कुठल्या पायरीवर गडबड झाली हे बहुतेक वेळा त्या जोडीदारांवरूनच कळतं.

आधी तीन थर वेगळे करा

एक डायजेस्ट केलेलं द्रावण घ्या आणि ते यंत्रावर पाच-सहा वेळा वाचा. मग एकाच पावडरीची पाच-सहा वेगळी डायजेशन करा. शेवटी, त्याच ढिगातून पाच-सहा वेळा वेगवेगळा माल उचलून, दळून, डायजेस्ट करा. प्रत्येक वेळी टक्क्यांत किती फरक पडतो ते लिहा. पहिल्याच प्रकारात फरक मोठा असेल तर यंत्राकडे वळा आणि खालचं वाचू नका. दुसऱ्यात उडी दिसली तर दोष दळण्यात, चाळण्यात, वजनात किंवा डायजेशनमध्ये आहे. तिसऱ्यात दिसली तर माल गोळा करण्यात, धुण्यात किंवा मुळात झाडाझाडांतल्या फरकात.

याला एक दिवस जातो आणि लोक नेमका तोच वाचवायला जातात.

लोह, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम एकत्र उड्या मारत असतील

ही माती. मातीत लोह साधारण १ ते ५ टक्के असतं, म्हणजे १०,००० ते ५०,००० मि.ग्रॅ. प्रति किलो. पानात ते शे-दोनशेच्या घरात. पावडरीत वजनाने फक्त १ टक्का माती राहिली आणि त्या मातीत ३ टक्के लोह असलं, तर ३०० मि.ग्रॅ. प्रति किलो लोह निव्वळ मातीचं. पानाचं स्वतःचं त्यात बुडून जातं.

टायटॅनियम यादीत असू द्या, तुमच्या अभ्यासाला ते नको असलं तरी. वनस्पती ते फारसं उचलत नाहीत, मातीत मात्र ते हजारोंच्या घरात असतं. तीन भागांत टायटॅनियम लोहाच्या तालावर हलत असेल तर पुढे शोधायची गरज नाही.

माती असूनही ती सारखी मिसळलेली असती तर तिन्ही आकडे निदान सारखेच चुकले असते. ते वेगवेगळे का येतात? कारण माती कणांच्या रूपात असते, आणि आपण वजन करतो ते फार थोडं. मॅग्नेटाइटचा म्हणजे काळ्या लोहखनिजाचा ०.२ मिलीमीटर व्यासाचा एक कण धरा. त्याचं वजन साधारण २२ मायक्रोग्रॅम, त्यातलं लोह १६ मायक्रोग्रॅमच्या आसपास. तो ०.२ ग्रॅमच्या वजनात सापडला आणि विरघळला, तर त्या एका कणाने ८० मि.ग्रॅ. प्रति किलो वाढ होते. शेजारच्या व्हेसलमध्ये (डायजेशनच्या बंद भांड्यात) तो कण नाही, तिथे ही वाढ नाही. यंत्राने दोन्ही वेळा खरंच सांगितलं.

याची एक सोपी तपासणी आहे. टाकून द्यायच्या पावडरीचा चमचाभर पांढऱ्या कागदावर पातळ पसरा आणि पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं चांगलं लोहचुंबक वरून सावकाश फिरवा. प्लॅस्टिकला काळे ठिपके चिकटले तर ते खनिज तरी आहे किंवा ग्राइंडरचं पोलाद तरी. हे फक्त निदानासाठी. चुंबक फिरवून 'साफ' केलेली पावडर तपासायला घेऊ नका, कारण तुम्ही त्यातून काय आणि किती काढलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

डायजेशननंतर व्हेसल उघडलं की तळाकडेही बघा. व्हेसल तिरकं करून उजेडासमोर हळूच फिरवलं की वाळूचे कण तळाच्या कडेला सरकतात आणि फिरवणं थांबवताच चटकन खाली बसतात. वनस्पतीच्या स्वतःच्या पेशींतली सिलिका मात्र धुरकट, हलक्या पुंजक्यांसारखी तरंगत राहते आणि बसायला वेळ घेते. दोघांना सरसकट 'थोडा गाळ राहिला' म्हणून वहीत एकाच शब्दात लिहू नका. पहिला धुण्यातला दोष दाखवतो, दुसरा दोष नव्हेच.

धुवायचं की नाही

हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याचं उत्तर उद्देशावर अवलंबून आहे. झाडाने मुळांतून काय उचललं हे बघायचं असेल तर माती काढलीच पाहिजे. औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या मालात शिसं-कॅडमियम किती, हे बघायचं असेल तर वापरणारा धुणार नसलेला माल तुम्हीही धुवायचा नाही, कारण धुळीतलं शिसंही पोटातच जातं. एकाच लेखात दोन्ही दावे करायचे असतील तर दोन वेगळे नमुने लागतील. धुतलेल्या मालाचे आकडे देऊन तो औषध म्हणून सुरक्षित असल्याचा निष्कर्ष काढलेले प्रबंध कमी नाहीत.

धुवायचं ठरलं तर ताजा माल धुवा, वाळलेला नव्हे, आणि कापण्याआधी धुवा. कापलेल्या कडांतून आणि वाळून फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम भराभर पाण्यात उतरतं, पाठोपाठ सोडियम, मॅग्नेशियम, थोडं मँगनीज. पान देठाला धरून आधी वाहत्या पाण्यात, मग ०.१ टक्का नॉन-आयोनिक डिटर्जंटमध्ये अर्धा मिनिट, आणि मग डीआयोनाइज्ड पाण्याने तीनदा. भिजत घालायचं नाही. तुळशीसारख्या लव असलेल्या पानांवरची धूळ नुसत्या पाण्याने जात नाही, तिथे डिटर्जंट टाळू नका. मुळांसाठी नायलॉनचा ब्रश, धातूच्या तारांचा नव्हे. ब्राह्मी चिखलात पसरते आणि तिच्या पेरापेराला मुळं फुटतात, त्या पेरांत अडकलेली माती कितीही धुतलं तरी पुरती निघत नाही. तिथे पेरं वगळून फक्त पानं घ्यायची की सगळं पंचांग (मुळापासून पानापर्यंत अख्खी वनस्पती), हे आधी ठरवून लिहून ठेवा आणि सगळ्या नमुन्यांना तोच नियम लावा.

लोहाबरोबर क्रोमियम आणि निकेल वाढत असेल

हे ग्राइंडरचं पातं. स्टेनलेस स्टीलच्या नेहमीच्या ३०४ प्रतीत क्रोमियम १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं. पात्याने पावडरीत २० मि.ग्रॅ. प्रति किलो लोह सोडलं तर त्यासोबत क्रोमियम ५ आणि निकेल २ च्या आसपास येणारच. मातीत क्रोमियम लोहाच्या शेकडो पट कमी असतं, पोलादात जेमतेम चार-पाच पट कमी. त्यामुळे दोन भागांतला लोहातला फरक आणि क्रोमियममधला फरक, यांचं गुणोत्तर काढलं की माती आणि पातं लगेच वेगळे होतात. काही पाती कडक पोलादाची असतात, त्यांत निकेल नावालाच असतं, म्हणून निकेल हललं नाही एवढ्यावरून पात्याला सोडून देऊ नका.

खात्री करायची असेल तर तोच माल एक मिनिट, तीन मिनिटं आणि सहा मिनिटं दळा. क्रोमियम वेळेबरोबर चढत गेलं की झालं. पानांपेक्षा मुळं आणि साली इथे जास्त त्रास देतात, त्या कठीण असतात आणि त्यात वाळूचा कण असला की तो पात्याला घासतो.

पर्याय म्हणजे अगेटचा खलबत्ता, झिर्कोनियाच्या गोळ्यांची मिल किंवा टायटॅनियमची पाती. प्रत्येकाची आपली खोड आहे: झिर्कोनिया झिर्कोनियम सोडतं, टंगस्टन कार्बाइड टंगस्टनसोबत कोबाल्टही सोडतं, आणि टायटॅनियमची पाती वापरली की टायटॅनियमवरून माती ओळखायची वाट बंद होते. जे मोजायचं नाही तेच सोडणारं साधन निवडायचं. चिवट मुळं द्रव नायट्रोजनमध्ये गोठवली की ठिसूळ होऊन लवकर फुटतात आणि घासणंही कमी होतं. नेहमीचा मिक्सर वापरण्याशिवाय इलाज नसेल तर तो फक्त याच कामाला ठेवा, थोडं थोडं थांबवत दळा, आणि क्रोमियम-निकेलचे आकडे प्रसिद्ध करू नका.

चाळणीवर उरलेलं टाकून देणारा कर्मचारी

दळल्यावर ०.५ मिलीमीटरच्या चाळणीतून पावडर काढतात. बारीक भाग खाली जातो, वर देठांचे आणि सालींचे तंतू उरतात. ते दळायचा कंटाळा येतो, चाळणी झटकली जाते आणि तंतू कचऱ्यात जातात. आता खाली राहिलेली पावडर मूळ वनस्पतीची नाही, तिच्या ठिसूळ भागाची आहे. पानाचा पातळ भाग आणि देठ यांत कॅल्शियम, पोटॅशियम, मँगनीज वेगवेगळं असतं, आणि कोण किती वेळ दळतो त्यावर आकडा ठरायला लागतो. नियम एकच: सगळंच्या सगळं चाळणीतून उतरलं पाहिजे. उरलेलं पुन्हा दळा, पुन्हा चाळा. चाळणी नायलॉनची घ्या. पितळेच्या चाळणीने तांबं आणि जस्त वाढतं, ते मागाहून तपासणीत सापडायला फार वेळ घेतं.

चाळून बाटलीत भरलेली पावडरसुद्धा शेल्फवर आणि वाहतुकीत हलून वेगळी होते, जड कण तळाला आणि तंतू वर. वजन करण्याआधी बाटली आडवी-उभी फिरवून मिसळा आणि वरचा थर उचलू नका. शक्य असेल तर ०.२ ऐवजी ०.५ ग्रॅम घ्या, कणांची लॉटरी बरीच शांत होते. अर्थात व्हेसल तेवढं झेपवणार असेल तर.

सगळीच मूलद्रव्यं सारख्या टक्क्यांनी कमी

पोटॅशियम, कॅल्शियम, जस्त, सगळं मागच्या खेपेपेक्षा सात-आठ टक्के कमी, आणि त्यांची आपसांतली गुणोत्तरं जशीच्या तशी? ओलावा. वाळवलेली पावडर उघडी राहिली की हवेतलं पाणी ओढते, दमट हवेत ती वाढ सहज पाच-दहा टक्क्यांवर जाते. तुम्ही पाणी वजन करताय.

नमुना ६० ते ७० अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, लगेच वजन करा. त्याच वेळी वेगळा एक भाग १०५ अंशांवर वाळवून ओलावा काढा आणि सगळे निकाल कोरड्या वजनावर द्या. १०५ अंशांवर वाळवलेला भाग डायजेशनला वापरू नका. पारा मोजायचा असेल तर ओव्हनपासूनच लांब राहा, फ्रीझ-ड्राय करा किंवा सावलीत वाळवा, कारण पारा उष्णतेने उडतो.

सगळं कमी येण्याचं दुसरं कारण स्थिर विद्युत. कोरडी बारीक पावडर व्हेसलच्या भिंतीला वरपर्यंत चिकटते, ॲसिडच्या पातळीच्या वर राहिलेला तो थर डायजेस्ट होतच नाही. झाकण लावण्याआधी उजेडात भिंती बघा आणि ॲसिड ओतताना ते भिंतीवरून फिरवत ओता.

डायजेशन पुरं झालं की नाही

सर्वसाधारण पाककृती अशी: ०.२५ ते ०.५ ग्रॅम पावडर, ६ ते ८ मिली तीव्र नायट्रिक ॲसिड, फ्यूम हूडमध्ये झाकण सैल ठेवून अर्धा तास. पहिला फेस बसला की १ ते २ मिली ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. मग सावकाश चढवत १८० ते २०० अंश आणि तिथे पंधरा-वीस मिनिटं. तेलकट बिया, गुग्गुळासारखे निर्यास आणि सुगंधी तेल असलेली पानं एकदम दाब वाढवतात, तिथे ०.२ ग्रॅमच्या वर जाऊ नका, आधीची घाई तर मुळीच नको. व्हेसल पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही.

तपकिरी वाफा गेल्यावरही द्रावण पिवळट-हिरवट राहिलं तर त्यात सेंद्रिय कार्बन शिल्लक आहे. तो नुसता दिसायला वाईट नसतो. आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे आयनांच्या वस्तुमानावरून मूलद्रव्य मोजणाऱ्या यंत्रात, तो आर्सेनिक आणि सेलेनियमचं रीडिंग फुगवतो, आणि आर्गॉनला जोडून वस्तुमान ५२ वर क्रोमियम असल्याचं भासवतो. म्हणजे पात्यावर ठपका ठेवण्याआधी द्रावणाचा रंग बघा. तसंच, चुन्याचं प्रमाण जास्त असलेल्या पानांत कॅल्शियम ऑक्साइडचे आयन निकेल ६० आणि कोबाल्ट ५९ वर बसतात. हेलियम कोलिजन मोडमध्ये (हेलियम वायूने असे जोड-आयन गाळले जातात) आकडा घसरला तर तो खोटाच होता. पारा टिकावा म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलंत तर आर्गॉन क्लोराइड आर्सेनिक ७५ वर येऊन बसतं, तिथेही तोच उपाय.

शिसं सतत कमी येत असेल तर कुणी सल्फ्युरिक ॲसिड वापरलंय का ते विचारा. वनस्पतीत कॅल्शियम भरपूर, त्याचं सल्फेट खाली बसतं आणि शिसं त्याच्यासोबत जातं. मफल फर्नेसमध्ये राख करणाऱ्यांनी ५०० अंशांच्या खालीच राहावं. त्याच्या वर शिसं आणि कॅडमियम उडायला लागतं, आर्सेनिक-पारा तर या पद्धतीने मोजूच नये.

गाळ राहिला म्हणून फिल्टर पेपर लावू नका. पेपर काही ना काही सोडतो आणि काही धरून ठेवतो. सेंट्रिफ्यूज करा किंवा रात्रभर बसू द्या. सिलिकात अडकलेलं ॲल्युमिनियम सोडवायला हायड्रोफ्लुओरिक ॲसिड लागतं, आणि ते प्रशिक्षण, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि योग्य भांडी हाताशी असल्याशिवाय कुणी हातात घेऊ नये. बहुतेक औषधी वनस्पतींच्या कामात त्याची गरज नसते. निकालात 'नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळणारं' एवढं स्पष्ट लिहिलं की पुरे.

जस्त आणि कॅडमियम ब्लँकमध्येच दिसतंय

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत वाळलेल्या वनस्पती-द्रव्यासाठी कॅडमियमची मर्यादा ०.३ आणि शिशाची १० मि.ग्रॅ. प्रति किलो आहे. ०.२५ ग्रॅम नमुना ५० मिलीपर्यंत नेला तर ०.३ ची मर्यादा द्रावणात १.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर होते. ब्लँक, म्हणजे नमुना न घालता केलेलं डायजेशन, ०.५ आला तर मर्यादेचा तिसरा हिस्सा तुमच्या भांड्यांचा आहे. फ्लेम ए.ए.एस.वर, म्हणजे ज्वाळेत मोजणाऱ्या कमी संवेदनशील यंत्रावर, हा आकडा मागणंच चूक.

जस्ताचा ब्लँक उडतो तेव्हा हात आधी पावडरवाल्या हातमोज्यांकडे जावा, मग रबरी बुचांकडे. पिपेटच्या रंगीत टिप्स आणि रंगीत झाकणं टाळा. भांडी १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर ठेवा, द्रावणं काचेऐवजी पॉलिप्रॉपिलिनच्या नळ्यांत ठेवा. टेफ्लॉन व्हेसल मागचं लक्षात ठेवतं: जास्त धातू असलेला नमुना, विशेषतः पारायुक्त भस्म वगैरे, ज्यात डायजेस्ट झालं त्यात पुढची खेप फक्त ॲसिडची चालवा. दर खेपेला किमान दोन-तीन ब्लँक, आणि ते दरवेळी वेगळ्या व्हेसलमध्ये, नाहीतर तुम्ही एकाच स्वच्छ व्हेसलचं कौतुक करत राहाल.

सीआरएम (आकडे आधीच माहीत असलेलं प्रमाणित द्रव्य) बरोबर येतं, नमुना मात्र नाही

हा प्रश्न सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. सफरचंदाच्या पानांचं एनआयएसटी १५१५ सारखं प्रमाणित द्रव्य घातलं, लोह ८३ मि.ग्रॅ. प्रति किलोच्या जवळ आलं, जस्त १२.५ च्या जवळ आलं, तरी आपल्या मालाचं लोह नाचतंच. कारण ते द्रव्य कारखान्यात बारीक आणि एकजीव करून आलेलं असतं. ते तुमचं डायजेशन आणि यंत्र तपासतं, तुमचं धुणं, दळणं आणि चाळणं त्याने पाहिलेलंच नसतं. स्पाइक रिकव्हरीचंही (ठराविक प्रमाणात मूलद्रव्य घालून किती परत मिळतं ते बघण्याचंही) तसंच. द्रावणरूपात घातलेलं लोह मातीच्या कणात कोंडलेलं नसतं, त्यामुळे ९८ टक्के रिकव्हरी येऊनही निम्मं ॲल्युमिनियम गाळात राहू शकतं. त्या द्रव्याचं ॲल्युमिनियम आधी बघा: प्रमाणित आकडा २८५ च्या आसपास आहे, आणि नुसत्या नायट्रिकने ते कमीच येतं. तिथे तुम्हाला १०० टक्के आलं तर खुश होण्याआधी ब्लँक तपासा.

पुढचा प्रश्न हमखास येतो: टायटॅनियमवरून मातीचा वाटा काढून लोहातून वजा करता येईल का? नायट्रिकच्या डायजेशनवर नाही. टायटॅनियमची खनिजं त्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून तो आकडा भागाभागांची तुलना करायला चालतो, वजाबाकीला चालत नाही. वजाबाकी करायचीच असेल तर त्याच जागेची माती आणि नमुना दोन्ही हायड्रोफ्लुओरिकसह पूर्ण विरघळवावे लागतील, आणि तरीही निकालात मूळ आकडा व वजाबाकी केलेला आकडा शेजारी शेजारी द्यावा लागेल. एवढ्या खटाटोपापेक्षा उरलेला ताजा माल असेल तर तो नीट धुवून पुन्हा दळणं स्वस्त पडतं. माल संपला असेल तर लोह आणि ॲल्युमिनियम त्या तक्त्यातून काढून टाका. पोटॅशियम, कॅल्शियम, मँगनीज, जस्त हे तिन्ही भागांत जुळत असतील तर ते ठेवायला हरकत नाही.